माझा, माझी, माझं आणि दादोबा

दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला आमच्या भिवंडीत बायकांना जरा उसंत मिळते. सकाळची कामं उरकलेली असतात, मुलं शाळेत असतात, संध्याकाळच्या स्वयंपाकाला अजून वेळ असतो. तेवढ्या वेळात पद्मानगरजवळच्या एका खोलीत आमचा मराठीचा वर्ग भरतो. बचत गटातल्या बायकांनीच मागणी केली म्हणून तो सुरू झाला. बँकेत, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत बोलता यावं, फॉर्म भरता यावा, एवढीच अपेक्षा. वर्गात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतल्या बायका आहेत, उर्दू बोलणाऱ्या आहेत, उत्तर प्रदेशातून आलेल्या आहेत, एक बंगाली सूनबाईही आहे. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो, त्यामुळे आम्ही सगळ्याजणी जरा मोठ्यानेच बोलतो.

एके दिवशी तेलुगू बोलणाऱ्या एका अक्कांनी उभं राहून घरची हकिकत सांगायला घेतली. गावाहून माझा सासू आला, असं त्या म्हणाल्या आणि खोलीत हशा पिकला. खरं सांगायचं तर मीसुद्धा हसले. हसतच दुरुस्ती केली आणि पुढच्या बाईकडे वळले. पुढच्या आठवड्यात अक्का आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाहीत. निरोप पाठवला तर घरी काम आहे असं उत्तर आलं. काम कुठलं ते मला कळलं होतं.

रात्री भांडी आवरताना मनात सारखं तेच. मी मराठी विषय घेऊन बी. ए. झालेली बाई. पण सासू आली का म्हणायचं आणि सासरा आला का म्हणायचं, 'माझा'चं 'माझी' का होतं, हे त्या अक्कांना सांगायची वेळ आली असती तर मी काय सांगितलं असतं? असंच म्हणतात, एवढंच! आपल्याला आपलं व्याकरण येतं, पण ठाऊक नसतं. तेव्हा कॉलेजच्या परीक्षेत एका ओळीत लिहिलेलं एक नाव आठवलं, मराठी भाषेचे पाणिनी दादोबा पांडुरंग तर्खडकर. मार्क मिळाले आणि नाव विसरले होते. या वेळी मात्र वाचनालयातून त्यांचं चरित्र शोधून आणलं आणि वाचत गेले.

तर्खडकर म्हटलं की आपल्या आई-वडिलांच्या पिढीला इंग्रजी शिकवणारी भाषांतर पाठमाला आठवते. ती पुस्तकं या दादोबांची नव्हेत. दादोबा त्यांच्याही कितीतरी आधीचे. 9 मे 1814 रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. घराणं मूळचं वसईजवळच्या तर्खडचं, म्हणजे तसं आपल्या शेजारचंच. पेशवाई बुडाली तेव्हा दादोबा चार वर्षांचे होते. ते वाढले ती मुंबई नव्या राजवटीची, नव्या शाळांची, छापखान्यांची मुंबई. तिथेच ते इंग्रजी शिकले, मग शिक्षक झाले. भावंडंही एकापेक्षा एक निघाली. भास्कर पांडुरंगांनी 1841 साली इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रं लिहून कंपनी सरकारच्या लुटीवर कडक टीका केली. धाकटे आत्माराम पांडुरंग डॉक्टर झाले आणि पुढे 1867 साली प्रार्थना समाज स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. आत्मारामांची मुलगी अन्नपूर्णा, म्हणजे आना तर्खड, हिने 1878 साली मुंबईत त्यांच्या घरी राहायला आलेल्या कोवळ्या रवींद्रनाथ टागोरांना इंग्रजी बोलण्याचे धडे दिले. असं हे घर!

1836 साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, दादोबांनी मराठी भाषेचं व्याकरण छापून काढलं. बावीस वर्षांचा मुलगा म्हणजे आजच्या हिशेबाने नुकताच पदवीधर झालेला! त्याने सबंध भाषेचे नियम लिहायला घ्यावेत याचं मला फार नवल वाटलं. त्याच वर्षी बाळशास्त्री जांभेकर आणि गंगाधरशास्त्री फडके यांचीही व्याकरणं आली. पण शाळांमधून रुजलं, पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं ते मुख्यतः दादोबांचं.

मराठी तर शेकडो वर्षांची. ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, तुकाराम सगळे होऊन गेले. मग त्याआधी कोणाला व्याकरणाची गरज का वाटली नाही? विचार करता करता मला उत्तर सापडलं ते आमच्या वर्गातच. ज्याची भाषा आहे त्याला नियम लागत नाही. नियम लागतो बाहेरून येणाऱ्याला. म्हणून तर मराठीची सुरुवातीची छापील व्याकरणं परक्यांनी लिहिली. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी या मिशनऱ्याने 1805 साली मराठीचं व्याकरण छापलं. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश 1831 साली निघाला. साहेबाला इथे राज्य करायचं होतं, मिशनऱ्याला धर्म सांगायचा होता, म्हणून दोघांना मराठी हवी होती. दादोबांचं मोठेपण असं की स्वतः मराठी असून त्यांनी आपल्याच भाषेकडे पाहुण्यासारखं बघितलं. रोज तोंडात असलेला शब्द हातात घेऊन तो असाच का, हे विचारलं. आपण आपल्या स्वयंपाकघरात डोळे मिटून मिठाचा डबा काढतो. पण नवी सून आली आणि तिने मीठ कुठे असं विचारलं की मगच आपण मांडणी बघतो ना, तसं.

आता ही मांडणी काय आहे ते बघा. माझा मोठा निळा डबा. माझी मोठी निळी पिशवी. माझं मोठं निळं भांडं. नाम एकच बदललं, पण त्याच्या पुढे चालणारे तिन्ही शब्द बदलले. लग्नात करवल्यांनी नवरीच्या शालूशी मिळत्या रंगाच्या साड्या नेसाव्यात तसे हे शब्द नामाच्या रंगात रंगतात. बरं, सगळ्याच करवल्या ऐकतात असंही नाही. 'लाल' आणि 'हुशार' हे शब्द ढिम्म हलत नाहीत. लाल डबा, लाल पिशवी, लाल भांडं. त्यातून नामाला प्रत्यय लागायचा झाला की पुन्हा सगळी वरात बदलते. माझ्या मोठ्या निळ्या पिशवीत. आणि मोजायचं झालं तर वस्तू दोन, तीन, चार. पण माणसं दोघे, तिघी, चौघं. हे सगळं आपण तिसऱ्या-चौथ्या वर्षी न शिकवता बोलायला लागतो. अक्कांना ते पस्तिसाव्या वर्षी, माग चालू असताना आणि लोक हसत असताना शिकायचं होतं.

दादोबांपुढे तेव्हा दोन साचे होते. एक संस्कृत व्याकरणाचा, दुसरा इंग्रजीचा. मराठी दोन्हीत नीट बसत नव्हती. इंग्रजीत विशेषण बदलतच नाही. संस्कृतात विशेषण नामाची विभक्ती पूर्णपणे घेतं, मराठीत तसं होत नाही. शाळेत आपण शब्दांच्या आठ जाती शिकलो ती इंग्रजी वळणाची मांडणी आणि प्रथमा ते संबोधन शिकलो ती संस्कृतची. त्या पिढीने घातलेली ही घडी आजही आपल्या मुलांच्या पुस्तकात आहे. तिच्यात चुका नव्हत्या असं नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी दादोबांच्या व्याकरणावर बरेच आक्षेप घेतले. पुढे मोरो केशव दामले यांनी 1911 साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा मोठा ग्रंथ लिहिला आणि आधीच्या सगळ्यांची तपासणी केली. पण दादोबा एकदा पुस्तक लिहून हात झटकून बसले नाहीत. त्यांनी सुधारलेल्या आवृत्त्या काढल्या, मुलांसाठी 1865 साली लघुव्याकरण केलं आणि अगदी 1881 साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, आपल्या व्याकरणाची पुरवणी काढली. बाविसाव्या वर्षी धरलेलं काम सदुसष्टाव्या वर्षीही चालूच होतं.

दादोबा मुंबईत हे करत होते त्याच काळात आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपटाउनमध्ये, विल्हेल्म ब्लीक नावाचा जर्मन विद्वान तिथल्या भाषांचं तौलनिक व्याकरण लिहीत होता. त्याचे दोन भाग 1862 आणि 1869 साली आले. दोघांना एकमेकांची नावं माहीत असण्याचं काही कारण नाही. पण प्रश्न एकच होता, नाम आणि त्याच्या सोबतचे शब्द यांचं नातं काय. ब्लीक 1875 साली गेला आणि तिथल्या बुशमन म्हणवल्या जाणाऱ्या लोकांच्या एका भाषेचं राहिलेलं काम त्याची मेव्हणी लुसी लॉइड हिने पुढे कितीतरी वर्षं नेटाने चालवलं. 1913 साली तिला मानद डॉक्टरेट मिळाली. दक्षिण आफ्रिकेत हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. मेव्हण्याच्या नावाखाली तिचं नाव अनेक वर्षं झाकलेलं राहिलं, हेही सांगायला हवं.

आफ्रिकेतल्या त्या भाषांच्या कुटुंबातली आपल्याला ऐकून माहीत असलेली भाषा म्हणजे स्वाहिली. तिच्यात पुल्लिंग-स्त्रीलिंग नाहीच. नामांचे गट आहेत. माणसांचा एक, झाडांचा एक, वस्तूंचा एक, असे. बाई आणि पुरुष एकाच गटात, माणसांच्या. विशेषण नामाच्या मागून येतं आणि नामाचं पहिलं अक्षर उचलतं. चांगलं पुस्तक म्हणजे 'किताबु किझुरी' आणि चांगली पुस्तकं म्हणजे 'विताबु विझुरी'. हा 'किताबु' कुठून आला ते तुमच्या लक्षात आलंच असेल. अरबीतला 'किताब' व्यापाऱ्यांबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला. तिथल्या लोकांना त्यातलं 'कि' आपल्याच भाषेतल्या वस्तूंच्या गटाचं वाटलं आणि त्यांनी त्याचं अनेकवचनही करून टाकलं. तोच शब्द इकडे उर्दूत आला आणि बाई झाला, अच्छी किताब. आणि आपलं पुस्तक मात्र नपुंसकलिंगी, चांगलं पुस्तक. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा उर्दू बोलणाऱ्या आमच्या आपा इतक्या खूश झाल्या की विचारू नका. एक शब्द घराबाहेर पडतो आणि जिथे जाईल तिथल्या रीतीने राहतो. आपल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दादोबांचं स्वतःचं आयुष्यही असंच निरनिराळ्या भाषांच्या गावांतून गेलं. माळव्यातल्या जावरा संस्थानच्या नवाबाचे ते काही काळ शिक्षक होते. मग गुजराती बोलणाऱ्या सुरतेत शाळेत नोकरी केली. तिथे 1844 साली दुर्गाराम मेहताजी आणि इतर स्नेह्यांबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली. जातिभेद मानायचा नाही, मूर्तिपूजा नको, देव एक आणि माणूस एक, असा विचार. मुंबईला परतल्यावर शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि 1849 साली परमहंस सभा सुरू झाली. या सभेत यायचं तर सगळ्यांसोबत बसून पाव खायचा, जातीबाहेरच्या माणसाच्या हातचं खायचं-प्यायचं. आज आपल्याला यात काय मोठंसं वाटेल? पण तेव्हा तेवढ्याने माणूस वाळीत पडत असे. त्याच्या बहिणीचं, मुलीचं लग्न अडत असे.

म्हणून ही सभा गुप्त होती. आणि इथे मला दादोबांबद्दल थोडं अडल्यासारखं होतं. जातिभेद चुकीचा आहे हे पटलं होतं, पण चारचौघांत म्हणायची तयारी नव्हती. 'धर्मविवेचन' हे पुस्तक त्यांनी 1843 साली लिहिलं आणि छापलं 1868 साली, तेही स्वतःचं नाव न घालता. 1860 च्या सुमाराला सभेच्या सभासदांची यादी बाहेर गेली, नावं फुटली आणि सभा मोडली. दार बंद करून पाव खाणाऱ्या या मंडळींच्या घरी बायकांना हे ठाऊक होतं का? बाहेर समता आणि घरात सोवळं, हा भार कोण उचलत होतं? चरित्र वाचताना हे प्रश्न माझ्या मनातून गेले नाहीत. मात्र त्याच विचारातून, त्याच घरातून सात वर्षांनी प्रार्थना समाज उभा राहिला आणि तो उघड्यावर होता, हेही खरं. बंद खोलीत पेरलेलं बी अंगणात उगवलं.

1852 साली ते अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. भिल्लांचं बंड मोडल्याबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर केलं. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आमच्या तालुक्यातल्या कातकरी आणि वारली पाड्यांवर मी जात असते, तेव्हा ही पदवी मला काही गोड लागली नाही. एका भावाने सरकारला खडे बोल सुनावले, दुसऱ्याने सरकारची चाकरी करून मान मिळवला. एकाच आईची लेकरं. माणूस मोठा असला म्हणून त्याचं सगळंच डोक्यावर घ्यायला हवं असं नाही आणि एक गोष्ट खटकली म्हणून त्याचं सगळं काम टाकून द्यावं असंही नाही. विधवांच्या पुनर्विवाहाच्या बाजूने 'विधवाश्रुमार्जन' हा निबंध लिहिणारेही हेच दादोबा होते.

आईवरून आठवलं. 1865 साली दादोबांनी मोरोपंतांच्या 'केकावली'वर मोठी टीका लिहिली आणि तिला नाव दिलं 'यशोदा पांडुरंगी'. यशोदा म्हणजे त्यांची आई, पांडुरंग म्हणजे वडील. आईचं नाव आधी! शब्दांचा क्रम आणि शब्दांची नाती यांत आयुष्य घालवलेल्या माणसाने हे नाव सहज ठेवलं असेल असं मला वाटत नाही. आपल्या राज्यात 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, असा क्रम लावायचा निर्णय झाला. दादोबांनी तो आपल्या पुस्तकापुरता दीडशेहून अधिक वर्षं आधीच घेतला होता.

17 ऑक्टोबर 1882 रोजी ते गेले. त्यांनी लिहिलेलं आत्मचरित्र अपुरंच राहिलं होतं. अ. का. प्रियोळकरांनी ते संपादून, उरलेलं चरित्र स्वतः लिहून, 1947 साली प्रसिद्ध केलं. आज त्यांचं नाव परीक्षेच्या एका ओळीत उरलंय. पण आपलं मूल विशेषणाखाली रेघ मारतं तेव्हा त्या रेघेत दादोबा असतातच.

पुस्तक परत करायच्या आधी मी अक्कांकडे गेले. जाताना एक गोष्ट शिकून गेले होते. तेलुगूत 'माझा, माझी, माझं' तिन्हींना एकच शब्द आहे, 'ना'. ना भर्त म्हणजे माझा नवरा, ना अत्त म्हणजे माझी सासू, ना इल्लु म्हणजे माझं घर. चांगलं म्हणायला 'मंचि', तोही कधी बदलत नाही. म्हणजे अक्कांनी चूक केली नव्हती. त्यांनी आपल्या भाषेच्या शिस्तीने आमची भाषा बोलून दाखवली होती. हे मी त्यांना माझ्या मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगायचा प्रयत्न केला. आता हसायची पाळी त्यांची होती. त्यांची मुलगीही आतून येऊन हसायला लागली. मला मुळीच राग आला नाही, फक्त कान गरम झाले. त्या दिवशी अक्कांचे कसे झाले असतील ते तेव्हा कळलं.

मग चहा घेता घेता त्यांनीच मला त्यांच्या भाषेची एक गंमत सांगितली. तेलुगूत पुरुष आला याचं क्रियापद वेगळं. पण एकटी बाई आली, तर तिचं क्रियापद गाय आली, गाडी आली यांच्यासारखंच. मी जरा नाराज झाले. त्यावर अक्का म्हणाल्या की थांबा ताई, पुढे ऐका. अनेक बाया मिळून आल्या की मात्र क्रियापद पुरुषांचं आणि बायकांचं एकच होतं, माणसांचं. गाई आणि गाड्या वेगळ्या पडतात. एकटी असली तर वस्तूंच्या रांगेत, चौघी जमल्या की माणसांत!

हे मी पुढच्या वर्गात फळ्यावर लिहिलं. अक्का पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आता वर्गात एक रीत पडली आहे. कोणी चुकलं की हसायचं नाही, तिच्या भाषेत ते कसं म्हणतात ते आधी विचारायचं. वेळ जास्त जातो खरा. पण परवा अक्कांनी बँकेचा फॉर्म स्वतः भरला आणि नात्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, माझी सासू.